ऐंशीच्या आधीचा आकडा

त्याचा आवाज चांगला होता. आवाज चांगला असणे हा एक अपघात आहे, उंच असण्यासारखा किंवा डावखुरे असण्यासारखा. पण उंच माणूस आपल्या उंचीसाठी येणाऱ्या-जाणाऱ्याकडे टाळ्या मागत नाही. हा मागत असे. चौथीत असताना बाईंनी त्याला एकदा वर्गासमोर सूचना वाचायला उभे केले. तेव्हापासून आपण बोललेले प्रत्येक वाक्य शेवटच्या रांगेतला कोणीतरी जिवाचा कान करून ऐकतो आहे, अशी त्याची समजूत झाली. 'मीठ दे' हे वाक्यसुद्धा तो त्या माणसासाठी म्हणत असे.

नाट्यविद्यालयात त्याचे नाव 'स्वगत' पडले. तिथे तो चार वर्षे होता. शेवटच्या परीक्षेला त्याने अकरा मिनिटांचे स्वगत म्हटले, त्यातली दोन मिनिटे निव्वळ शांतता होती. परीक्षकांपैकी एकाचा डोळा लागला. स्वगतने त्याचा अर्थ 'डोळे मिटून ऐकणे' असा लावला, आणि पदवीही मिळाली. पदवी कोणालाही मिळते. चार वर्षे एका जागी उभे राहिले तर खांबालाही मिळेल.

घरी दोघे होते. थोरली बहीण, ताई, रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला होती आणि घर तिच्यावर चालत होते. वडील, अण्णा, नुकतेच निवृत्त झाले होते. तेहतीस वर्षे ते कापडाच्या गोदामाच्या दारात स्टुलावर बसून आत जाणाऱ्या प्रत्येक गाठीचा आकडा मोठ्याने म्हणत आले. हमाल गाठ घेऊन दारातून जायचा, अण्णा आकडा म्हणायचे, पुढचा हमाल. इतकेच काम. तेहतीस वर्षांत एक गाठ कमी-जास्त झाली नाही, आणि इतके आकडे म्हणूनही त्यांना कोणी कलाकार म्हटले नाही. गोदामाच्या प्रमुखाने त्यांच्या शब्दाखातर स्टुलाची जागा एक वर्ष मुलासाठी धरून ठेवली होती. तोवर तिथे कोणीतरी बदली माणूस बसत होता.

"एक वर्ष," अण्णा म्हणाले. "तोवर नट हो, नाहीतर बोल्ट हो, मी विचारणार नाही. वर्ष संपलं की स्टूल."

स्टूल या शब्दाने स्वगतच्या अंगावर काटा आला. त्याने तो काटा आरशात पाहूनही घेतला.

मग त्याने काम शोधले, असे तो म्हणतो. त्याने काय केले ते मी सांगतो. एका बँकेच्या जाहिरातीत रांगेत तिसरा माणूस म्हणून उभे राहायचे होते. त्याने दिग्दर्शकाला विचारले की या माणसाचा भूतकाळ काय. दिग्दर्शक म्हणाला, "त्याचं इथे खातं नाही, म्हणून तो रांगेत आहे." स्वगत रांगेतून बाहेर पडला. एका रेडिओ केंद्रावर त्याला सकाळचे हवामान वाचायला दिले. त्याने ढगाळ वातावरणाची शक्यता अशी वाचली की काचेपलीकडची बाई म्हणाली, "सर, हवामान सांगायचंय. कोणी वारलेलं नाही." एका नाटकमंडळीतला म्हातारा नट त्याला प्रामाणिकपणे म्हणाला, "दोन वर्षं दिव्यांच्या तारा गुंडाळ, मग बघू." हे त्या वर्षात त्याला मिळालेले एकमेव खरे बोलावणे होते. तारा गुंडाळणे त्याला हलके वाटले. हातांना काही जड उचलायची सवय नसली की सगळेच हलके वाटते.

अकरावा महिना लागला. ताई रोज स्वयंपाकघरातून विचारायची, "काय कलावंत, आज कोणाला नकार दिलास?"

त्या महिन्यात त्याला नोकरी लागली.

टायरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक कंपनी होती. ती बोलकी यंत्रे बनवत असे: दार बंद होत आहे असे सांगणारी लिफ्ट, गाडी मागे येत आहे असे सांगणारी गाडी, आणि रांगेत बसलेल्यांचे क्रमांक पुकारणारी पेटी. मालक पूर्वी लाउडस्पीकर विकत असे. आवाज काढणाऱ्या प्रत्येक माणसाला तो 'आर्टिस्ट' म्हणायचा, अगदी खाली टायर ठोकणाऱ्यालाही. स्वगतला मात्र वाटले की आपल्याला ओळखले.

"तीन महिने कच्चा," मालक म्हणाला. "डोळ्यांच्या हॉस्पिटलचं काम आलंय. तिथली पेटी तुझ्या आवाजात. त्यांनी पसंत केली तर तू पक्का, ध्वनी-कलाकार म्हणून. नाही केली तर तू तुझ्या वाटेनं."

ध्वनी-कलाकार. हा शब्द घेऊन तो घरी आला. अण्णांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "कच्चा आहेस ना? मग स्टूल तसंच राहू दे. मी त्यांना एवढ्यात कळवत नाही. लागले तर वर्षावर दोन महिने मागून घेईन."

"बोलायचं काय असतं पण?" ताईने विचारले.

"क्रमांक. म्हणजे, माणूस आणि त्याची पाळी यांच्यातला जो..."

"एक ते शंभर," ताई म्हणाली. "अण्णा, हा एक ते शंभर म्हणणार आहे. तेही पदवी घेऊन."

ध्वनिमुद्रणाची खोली म्हणजे आतून गाद्या ठोकलेले एक लाकडी कपाट होते. खालून रबराचा वास यायचा. कपाटाबाहेर यंत्रावर एक मुलगी बसायची. कानांवरून हेडफोन कधीच काढत नसल्याने सगळे तिला 'हेडफोन' म्हणत. आकडे ओळीने म्हणायचे नसतात, हे तिने त्याला पहिल्याच दिवशी सांगितले. ओळीने म्हटले की आवाजात पाढ्यांची लय शिरते. सत्तावीस, अठ्ठावीस म्हणताना माणूस डोलायला लागतो. पेटीला तसे चालत नाही. पेटी 'क्रमांक' हा शब्द एकीकडून उचलते, आकडा दुसरीकडून, खिडकी तिसरीकडून, शंभरापुढे गेले तर 'एकशे'ही वेगळा, आणि सगळे जोडते. म्हणून शंभर पत्ते पिसायचे, प्रत्येकावर फक्त अंक लिहिलेला, आणि जो हाती येईल तो एकाच उंचीवर, एकाच वजनात म्हणायचा.

"भावना नको," हेडफोन म्हणाली. "भावना घातली की सांधा दिसतो."

त्याने 'त्रेपन्न' मध्ये भावना घातली. ती पुसून परत घेतली. त्याने 'बारा'ला किंचित पश्चात्ताप दिला. तोही पुसला. चौथ्या दिवशी त्याने ७९ चा पत्ता उचलला आणि थांबला.

या पिढीच्या मुलांना आपले आकडे पंचवीस-तीसपर्यंत येतात. त्यापुढे ती इंग्रजीच्या काठीने चालतात. तोवरचे पत्ते स्वगतने शाळेतल्या उजळणीच्या आठवणीवर कसेबसे निभावले होते. चार वर्षांत स्वगतने राजाचा, वेड्याचा आणि खुन्याचा आवाज काढला होता. पण राजाला, वेड्याला किंवा खुन्याला एकोणऐंशी म्हणायची वेळ कोणत्याच संहितेत आली नव्हती.

"हे... एकोण काहीतरी ना?" त्याने कपाटातून विचारले.

"कलाकार तू आहेस," हेडफोन म्हणाली. तिलाही माहीत नव्हते.

त्याने पत्त्याकडे पाहिले. शेवटी नऊ. नऊ म्हणजे नव्वदच्या घराण्यातले काहीतरी असणार, असे त्याच्या कानाला वाटले. कानावर त्याचा फार विश्वास. त्याने पोट आत घेतले आणि शुद्ध, स्पष्ट, भरदार आवाजात म्हटले, "एकोणनव्वद."

"छान," हेडफोन म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ८९ चा पत्ता आला. तोही त्याने एकोणनव्वद असाच म्हटला, आणि तो बरोबर होता. मध्ये एक अख्खी संध्याकाळ आणि चाळीसेक पत्ते गेले होते. हेडफोनला आवाजाच्या दोन्ही लाटा पडद्यावर सारख्याच सुबक दिसल्या. मालकाने एक ते दहा ऐकले, शंभर ऐकला, आणि तिसऱ्या महिन्याच्या शेवटी पेटी हॉस्पिटलात बसवली.

पेटी बसली त्याच आठवड्यात अण्णांच्या मोतीबिंदूची तपासणी होती. हॉस्पिटल तेच होते. स्वगतने घरी हे ऐकले आणि तो दिवसभर बेफिकीर असल्याचा अभिनय करत राहिला. त्याला आतून फार बरे वाटत होते. बापाला अखेर पोराचे काम ऐकायला लागणार होते, तेही पाळी येईपर्यंत, उठून जाता येणार नाही अशा खुर्चीवर.

अण्णांना ७९ क्रमांकाची चिठ्ठी मिळाली. डोळ्यांत थेंब घातले गेले. हे थेंब घातले की बाहुली मोठी होते आणि जग म्हणजे नुसता उजेड उरतो. भिंतीवरचा लाल आकड्यांचा फलक त्यात एक तांबडा डाग. म्हणून तर पेटी घेतली होती. ताई वडिलांना बसवून खाली काळा चष्मा आणायला गेली.

अण्णा डोळे मिटून ऐकत होते. मुलाचा आवाज त्यांनी पहिल्याच आकड्याला ओळखला. सत्तर. एकाहत्तर. आवाज छान होता, हे त्यांनाही नाकारता आले नाही. शेजारच्या माणसाला सांगावे असे त्यांच्या मनात आले, ओठापर्यंतही आले. पण माणूस अनोळखी होता म्हणून ते गप्प बसले. शहात्तर. सत्त्याहत्तर. अठ्ठ्याहत्तर. त्यांनी गुडघ्यांवर हात टेकून उठायची तयारी केली.

"क्रमांक एकोणनव्वद. खिडकी क्रमांक तीन."

अण्णा बसूनच राहिले. पलीकडून एक म्हातारी उठली, खुर्च्यांच्या पाठी चाचपत खिडकीपर्यंत गेली, आणि तिथल्या बाईने तिला परतवले. "आजी, तुमचा नाही अजून. ऐकत जा ना नीट." पेटीने एकोणनव्वद आणखी दोनदा पुकारले. मग म्हणाली, "क्रमांक ऐंशी."

तेहतीस वर्षे दारात बसलेल्या माणसाला गाठ कुठे हरवली ते समजायला क्षण लागला नाही. अण्णा उठून खिडकीकडे गेले.

"माझा एकोणऐंशी पुकारलाच नाही."

"पुकारला की हो काका. तीनदा. तुम्ही आला नाहीत."

"एकोणनव्वद पुकारलं."

खिडकीतल्या बाईने समोरच्या पडद्यावर पाहिले. तिथे ७९ असेच होते. "हे बघा, सेव्हंटी नाईन झालाय. आता सगळ्यांच्या शेवटी या."

अण्णा परत जाऊन बसले. अठ्ठ्याऐंशीनंतर पेटीने पुन्हा एकोणनव्वद म्हटले, या वेळी बरोबर. म्हातारी हलली नाही. तिला एकदा ओरडा बसला होता, आता ती फसणार नव्हती. तिचीही पाळी गेली. थेंबांचा असर उतरला, दोघांना पुन्हा थेंब घातले गेले, आणि दुपारपर्यंत अण्णा त्या म्हातारीच्या शेजारी बसून मुलाच्या तोंडून बाकीचे आकडे ऐकत राहिले. बाकीचे सगळे बरोबर होते. त्यांनी एकूण एक तपासला.

संध्याकाळी स्वगत घरी आला, बूट काढले आणि दारातच उभा राहिला. प्रतिक्रियेसाठी थोडी जागा सोडून उभे राहायची त्याची एक पद्धत होती.

"ये, बस," अण्णा म्हणाले. त्यांनी काळा चष्मा लावला होता. "अठ्ठ्याहत्तर नंतर काय?"

"म्हणजे?"

"आकडा. अठ्ठ्याहत्तर नंतरचा."

"सेव्हंटी नाईन."

"ज्या भाषेत पगार घेतोस त्या भाषेत सांग."

स्वगतला वाटले, बापाला ऐकायचे आहे. त्याने खुर्चीत पाठ ताठ केली. "एकोणनव्वद."

"त्याच्यानंतर?"

"ऐंशी."

"आणि नव्वदच्या आधी?"

स्वगतने तोंड उघडले. उघडेच राहिले.

"घे, पॉज घे," ताई म्हणाली. "पॉज तुझा चांगला असतो."

"एकोण म्हणजे काय रे?" अण्णांनी विचारले.

"तो... उपसर्ग आहे."

"एक उणे. ऐंशीला एक उणा तो एकोणऐंशी. नव्वदला एक उणा तो एकोणनव्वद. हे हमालांना येतं. मी तीन तास बसलो तुझ्यापायी. माझं सोड, बसायची सवय आहे मला. माझ्याबरोबर एक म्हातारी बसली. तिला वाटत होतं, तिचंच चुकलं."

"शंभरात एकच चुकलाय," स्वगत म्हणाला.

"हो," अण्णा म्हणाले. "ज्याचा चुकला त्याला शंभर नसतात. एकच असतो."

त्याला लाज वाटली का? थोडी वाटली. पण लाजेपेक्षा भीती जास्त होती. तीन महिने संपायला चार दिवस राहिले होते. चूक हॉस्पिटलच्या कानी गेली तर पेटी परत येणार, पेटीबरोबर तो, आणि मग स्टूल. दुसऱ्या दिवशी तो हेडफोनकडे गेला.

"एक आकडा परत घेऊ या."

"कुठला? का?"

"सूर नीट लागला नव्हता," तो म्हणाला. चुकले म्हणायला तीन अक्षरे लागतात. त्याऐवजी त्याने चार शब्द वापरले, आणि त्यांत स्वतःला कलाकारही ठेवले.

"पेटी तिकडे बसलीय. उघडायची तर मालकांना सांगावं लागेल."

मालकाच्या टेबलावर दोन कागद होते. एक हॉस्पिटलचे पसंतीपत्र. दुसरा त्याचा नेमणुकीचा.

"बरा आलास," मालक म्हणाला. "पसंत केली पेटी. आवाजाचं विशेष कौतुक. फक्त त्यांनी एक बारीक बदल केलाय स्वतःच, सेव्हंटी नाईन नंबर काढून टाकलाय. वन सेव्हंटी नाईन पण. चिठ्ठ्या छापणारं यंत्र आता अठ्ठ्याहत्तर वरनं सरळ ऐंशीवर जातं."

"का?"

"कुणास ठाऊक. त्या नंबराला रोज भांडण होतं म्हणे. अपशकुनी मानत असतील. तुला काय सांगायचं होतं?"

खोलीत रबराचा वास होता. मालकाचे पेन टोपण काढून तयार होते. पेटी उघडायला एक माणूस, एक दुपार आणि एक वाक्य लागणार होते. वाक्य छोटे होते आणि त्यात शोभा नव्हती. शेवटच्या रांगेतल्या माणसाला ऐकवण्यासारखे ते नव्हतेच.

"काही नाही," स्वगत म्हणाला. "एका ठिकाणी सूर..."

"सूर उत्तम आहे," मालक म्हणाला. "कर सही."

त्याने सही केली. वळणदार केली. एका इस्पितळाने मोजणीतून एक आकडा काढून टाकला, पण त्याला धक्का लावला नाही. चूक दुरुस्त करण्यापेक्षा चूक जिथे होते ती जागाच बुजवून टाकणे लोकांना सोपे जाते. घरे अशीच चालतात, हॉस्पिटलही चालू लागले.

घरी त्याने पत्र मोठ्याने वाचून दाखवले. ध्वनी-कलाकार या शब्दाआधी तो थांबला. ताई म्हणाली, "अभिनंदन," आणि तिने ते खरेच म्हटले, कारण घरात आणखी एक पगार येणार होता.

"दुरुस्त केलंस?" अण्णांनी विचारले.

"त्यांनी तो नंबरच काढलाय. आता तक्रारीचा प्रश्नच येत नाही."

अण्णांनी गोदामाला काही कळवले नाही. मागून घेतलेली मुदत संपायला आणखी तीन आठवडे होते. म्हातारा हट्टाने स्टूल धरून बसलाय, असे स्वगत ताईला म्हणाला. पराभव मान्य करणे जड जाते माणसाला, असेही म्हणाला. हे वाक्य त्याला आवडले. त्याने ते त्या दिवशी दोनदा म्हटले.

मुदत संपायला नऊ दिवस असताना अण्णांच्या दुसऱ्या डोळ्याची तपासणी झाली. या वेळी ते एकटेच गेले. पहिल्या डोळ्याचे ऑपरेशन होऊन त्याने आता स्वच्छ दिसत होते. पुढच्या माणसाला अठ्ठ्याहत्तरची चिठ्ठी मिळाली. त्यांना ऐंशीची.

"एकोणऐंशी द्या," ते म्हणाले.

"तो नसतो आमच्याकडे काका."

"अठ्ठ्याहत्तर आणि ऐंशीच्या मध्ये असतो."

"तुमची पाळी लवकर येतेय, मग काय फरक पडतो?" खिडकीतल्या बाईने विचारले. तिचा प्रश्न रास्त होता. मागे बावीस माणसे उभी होती, त्यांतल्या एकालाही फरक पडत नव्हता. अण्णांनी चिठ्ठी घेतली. पेटीने अठ्ठ्याहत्तर म्हटले, ऐंशी म्हटले, आणि ते खिडकीवर गेले.

त्या संध्याकाळी स्वगत आतल्या खोलीत लिफ्टची वाक्ये पाठ करत होता. 'कृपया दारापासून दूर उभे राहा.' दार हे कशाचे प्रतीक आहे यावर तो विचार करत होता. बाहेर अण्णांनी फोन लावल्याचे त्याला ऐकू आले. पलीकडे गोदामाचा प्रमुख होता, हे दुसऱ्याच वाक्याला कळले. स्वगत पाठांतर थांबवून दाराशी आला. अखेर स्टूल सुटत होते. बाप त्याच्यासमोर नाही, पण जगासमोर कबुली देणार होता.

"ती जागा द्या दुसऱ्या कोणाला," अण्णा म्हणत होते. "हो. तुम्ही वर्षाच्या वर धरलीत, उपकार आहेत... नाही, नाही, त्याला नोकरी लागली म्हणून नाही. लागली आहे, पण त्यासाठी नाही सांगत."

पलीकडचा काहीतरी म्हणाला.

"आला असता तरी मी तुम्हाला देऊ नका म्हटलं असतं. त्याला मोजता येत नाही."

पुन्हा पलीकडून काहीतरी, बहुधा दिलाशाचे. अण्णांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतले. स्वगत दाराला टेकून उभा होता, आणि पहिल्यांदाच आपले पुढचे वाक्य काय असावे ते त्याला सुचत नव्हते.

"आवाज?" अण्णा फोनवर म्हणाले. "हो. आवाज चांगला आहे."